शहाजोग : नव्या सेवाधंद्याला गिऱ्हाईक कोण आणून देतो?



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. गोदेच्या काठी, वसंतातल्या संध्याकाळी, वेदान्तावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर राजकारणावर बोलावे. 'नव्या छोट्या धंद्याने गिऱ्हाईक कसे मिळवावे' हे मेनरोडवरच्या दुकानदारांपुढे सांगावे, असे कोणी म्हणेल. परंतु माझे म्हणणे असे की, या विषयाला नाशकात घाटाइतकी योग्य जागा दुसरी नाही. सेवा करून पोट भरणाऱ्या माणसाने गिऱ्हाईक कसे ओळखावे आणि पिढ्यान् पिढ्या कसे राखावे, याचे शास्त्र येथून हाकेच्या अंतरावर, रामकुंडाभोवती, शतकानुशतके चालत आलेले आहे. त्या शास्त्रातले काय घ्यावे आणि काय टाकावे, हा आजच्या बोलण्याचा निम्मा भाग आहे.

प्रथम धंदा कोणता ते सांगतो. मी मालाच्या धंद्याविषयी बोलत नाही. घरी जाऊन आजाऱ्याची, म्हाताऱ्याची, दिव्यांगाची शुश्रूषा करणे, आंघोळ घालणे, औषध वेळेवर देणे, दवाखान्यात नेऊन आणणे, रात्री उशाशी जागत बसणे, अशा कामाचा धंदा मी डोळ्यांपुढे ठेवला आहे. चार-सहा मावश्या आणि दोन-तीन पोरे हाताशी धरून कोणी बाई किंवा कोणी तरुण असे केंद्र काढतो. भांडवल म्हणजे एक खोली, एक फोन आणि एक वही.

गरज आहे यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा १० च्या घरात होते. म्हणजे दर दहा माणसांत एक. आपल्या नाशकाचेच पाहा. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांतून, ओझरच्या विमान कारखान्यातून, सातपूर-अंबडच्या गिरण्याकारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे येथेच घरे बांधून राहिली आणि त्यांची मुले पुण्याला, मुंबईला, नाही तर समुद्रापार गेली. घरात दोन म्हातारी माणसे, आणि त्यांतले एक पडले की दुसऱ्याच्या हाताला बळ नाही. गरज इतकी उघड असूनही नव्या केंद्राचा फोन वाजत नाही. पत्रके वाटतात, रिक्षांच्या पाठीवर पाट्या लावतात, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर निरोप धाडतात. महिना जातो, दोन महिने जातात, आणि फोन मुका. असे का व्हावे?

याचे कारण सोपे आहे. साडी घेताना पदर हातात धरून पाहता येतो. तांदूळ घेताना चार दाणे दाताखाली फोडता येतात. शुश्रूषेचा नमुना मागता येत नाही. ती चांगली की वाईट, हे आईला परक्याच्या हाती सोपवल्यानंतरच कळते, आणि वाईट निघाली तर ते फार उशिरा कळते. त्या घरी तुम्ही काय मागत आहात, हे नीट ध्यानात घ्या. घराची किल्ली, कपाटाची जागा, आणि ज्या माणसाला धड ओरडताही येत नाही असे माणूस, एवढे सगळे ते तुमच्या स्वाधीन करणार. रिक्षाच्या पाठीवरची पाटी वाचून हे कोणी करीत नाही आणि करूही नये. बोलणाऱ्याची माती खपते असे म्हणतात; पण ती माती खपते, माया खपत नाही.

तेव्हा अशा धंद्यात गिऱ्हाईक आणि सेवेकरी यांच्यामध्ये तिसरा माणूस लागतो. हा तिसरा माणूस कोण, तो कसा मिळतो आणि कशाने गमावतो, हाच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

जुन्या गावगाड्यात या तिसऱ्या माणसाची गरज नव्हती, कारण गिऱ्हाईक जन्मानेच मिळत असे. सुताराला, लोहाराला, न्हाव्याला, परटाला, कुंभाराला गाव वाटून दिलेले असे. काम वर्षभर करायचे आणि खळ्यावर बलुते न्यायचे. जोश्याची वृत्ती होती, कुळकर्ण्याचे वतन होते. वृत्ती वारसाने मिळे, भाऊबंदांत वाटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. म्हणजे आज आपण दुकान विकतो तसे त्या काळी गिऱ्हाईकच विकत असत!

तीर्थोपाध्यायांची व्यवस्था ही याच घराण्यातली. यात्रेकरू रामकुंडावर आला की पहिला प्रश्न असतो, गाव कोणते आणि आडनाव काय? एवढ्या उत्तरावर त्याचा उपाध्या ठरतो. उपाध्ये वही काढतात, पाने उलटतात आणि सांगतात, तुमचे पणजोबा अमुक साली येथे आले होते, बरोबर त्यांचे धाकटे भाऊ होते, ही पाहा त्यांची सही. जुनी पाने मोडीत असतात. पणजोबाचे अक्षर पाहून ज्याचा गळा दाटून येत नाही असा माणूस विरळा. मग नव्या पिढीची नावे त्याच वहीत चढतात. सिंहस्थाच्या वर्षी, २००३ साली काय, २०१५ साली काय, येथे लोटलेली गर्दी आपण पाहिली. पण पर्वणी सरली की गर्दी ओसरते, आणि राहते ती वही.

या व्यवस्थेने सेवेकऱ्याला निर्धास्त केले हे खरे. पण तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गिऱ्हाईक बांधलेले असले की ते नाखूष असले तरी सुटू शकत नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याचे अनुयायी भटाशिवाय लग्ने लावू लागले, तेव्हा वतनदार जोशी कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की, लग्न आम्ही लावले नसेल, पण दक्षिणा आमचीच! आणि दुसरीकडे सेवेकरीही बांधलेला होता. महारकीच्या वतनात राबणाऱ्याला 'हे काम मी करणार नाही' असे म्हणण्याची सोय नव्हती. रात्री-अपरात्री सरकारी निरोप घेऊन धावायचे आणि त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनकायदा बदलण्याचे विधेयक मांडले ते या बेडीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

ती बेडी तुटली हे चांगलेच झाले. परंतु बेडीबरोबर बांधलेले गिऱ्हाईकही गेले. आज जो कोणी सेवेचा धंदा काढतो तो कोरी वही घेऊन बसतो. त्या वहीतले पहिले नाव कोठून यायचे?

याचे उत्तर आपल्याच जुन्या पेढ्यांत सापडते. तेथे हुंडीचे अनेक प्रकार होते. त्यांत एक होती शहाजोग हुंडी. ही हुंडी घेऊन कोणीही अनोळखी माणूस पेढीवर गेला तर पैसे मिळत नसत. पैसे मिळायचे ते 'शहा'ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा सावकाराला. अनोळखी माणसाने आधी अशा शहाकडे जायचे. शहाने त्याला पारखायचे आणि आपल्या नावावर रक्कम उचलून द्यायची. पुढे हुंडी चोरीची वा खोटी निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी शहावर. सगळा व्यवहार एका गोष्टीवर उभा होता : ज्याला पत नाही त्याला पतवाला आपली पत उसनी देतो, आणि देताना स्वतः अडकतो.

नव्या धंद्याची शिफारस म्हणजे हीच शहाजोग हुंडी होय. वीस वर्षे एका पेठेत दवाखाना चालवणारा डॉक्टर जेव्हा म्हणतो, 'अमक्या बाईंना बोलवा, त्या नीट पाहतील', तेव्हा तो तुमची जाहिरात करीत नसतो. तो आपली वीस वर्षांची पत तुमच्या हाती उसनी देत असतो. उद्या तुमच्या माणसाने म्हाताऱ्याला पडू दिले, तर घरचे लोक तुम्हांला विसरतील. डॉक्टरला विसरणार नाहीत. ही एक गोष्ट ज्याला उमजली त्याला या धंद्याचे निम्मे शास्त्र कळले. गमतीची गोष्ट अशी की, या 'शहाजोग' शब्दाला आज मराठीत साळसूद ढोंगाचा अर्थ आला आहे. शब्दाची पत कशी घसरते ते यावरून पाहावे. माणसाचीही अशीच घसरते.

आता, हे शहा कोठे शोधावे? पुष्कळ नवे लोक येथेच गल्लत करतात. ते आपल्या मामाला, मेहुण्याला, शाळेतल्या मित्राला सांगतात आणि वाट पाहतात. मामा-मेहुण्यांचे प्रेम निर्विवाद आहे. पण त्यांना जी माणसे ठाऊक, तीच तुम्हांलाही ठाऊक. नवी वाट तेथून फुटत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नोकऱ्या बदललेल्या माणसांची पाहणी केली आणि १९७३ साली त्यावर एक निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांत वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून ती कळलेले शेकडा १७ च्या आसपास निघाले. बाकीच्या सगळ्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. पाहणी लहान होती आणि नोकरी म्हणजे धंदा नव्हे, हे मान्य. तरी त्यातले मर्म आपल्या अनुभवाला पटते. दूरची ओळख दूरपर्यंत पोचते.

म्हणून पहिली यादी नातेवाइकांची करू नका; गरज प्रथम कोणाच्या कानावर पडते त्यांची करा. मांडीचे हाड मोडलेला म्हातारा रुग्णालयातून घरी निघताना त्याच्या मुलाचा चेहरा कोण पाहते? तेथली परिचारिका. महिन्याच्या गोळ्या कोण मोजून देतो? औषधाचा दुकानदार. पक्षाघातानंतर हातपाय हलवायला कोण येते? व्यायामोपचार करणारी मुलगी. दूध दारातच नासून राहिले हे प्रथम कोणाला दिसते? दूधवाल्याला, इमारतीच्या रखवालदाराला. 'हल्ली अमके फिरायला येत नाहीत' हे कोण बोलते? ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी. या प्रत्येकाचे काम एका जागी येऊन थांबते आणि तुमचे काम नेमके त्याच जागेपासून सुरू होते. परिचारिकेला म्हातारा घरी धाडायचा असतो. पण घरी पाहणारे कोणी नाही ही चिंता तिच्या मनात राहते. तिची ती चिंता दूर करणारा माणूस तिला हवाच असतो.

त्यांच्याकडे जाऊन काय बोलावे? फार बोलू नये. 'आम्ही सर्व प्रकारच्या सेवा माफक दरात पुरवतो' हे वाक्य कोणाच्याच डोक्यात राहत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. त्यापेक्षा, 'हाड मोडून घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसांना पहिले दीड-दोन महिने सांभाळायचे काम आम्ही करतो, रात्रीचेही करतो' असे एकच वाक्य सांगावे. ऐकणाऱ्याच्या पुढ्यात तसा रोगी येईल तेव्हा तुमचे नाव त्याला आपोआप आठवेल. माणसाच्या स्मरणात दुकानाला जागा नसते, खुंटीला असते.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा उभा केला असे मानतात. पुढे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची माणसे त्यात आली. १९५६ साली त्यांच्या संघटनेची ट्रस्ट म्हणून नोंद झाली. या लोकांनी कधी मोठ्या जाहिराती दिल्याचे ऐकिवात नाही. एकच काम, घरचा डबा वेळेवर, आणि तेच रोज. एका कचेरीत एकाचा डबा बिनचूक बाराला आला की शेजारच्या टेबलावरचा माणूस आपणहून विचारी. डबा हाच साक्षीदार. दुसरी गोष्ट अशी की डबेवाला टोळीत काम करतो, टोळीला मुकादम असतो आणि एक आजारी पडला तरी त्याची फेरी दुसरा उचलतो. गिऱ्हाइकाला माणूस बदललेला कळतो, डबा चुकलेला कळत नाही. तुमच्या केंद्राची मावशी एका सकाळी आली नाही तर सात वाजता दुसरी कोण जाणार, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याने शिफारस मागायला जाऊ नये. तो दुसऱ्याची पत उसनी मागतो आहे आणि ती फेडायची तरतूद त्याच्यापाशी नाही.

यावरून पहिल्या गिऱ्हाइकांविषयी काही नियम निघतात. पहिली तीन घरे हीच तुमची जाहिरात असते; म्हणून चौथे घर घेण्याची घाई करू नये. प्रथम लहान काम मागावे. एक रात्र, एक आठवडा, दवाखान्याची एक फेरी. घरच्यांना पारखायला वाव मिळतो आणि नको असल्यास संकोच न करता ते सांगू शकतात. बारा तासांचा दर काय, चोवीस तासांचा काय, सुटीच्या दिवशी काय, जेवण कोणाकडे, काय करू आणि काय करणार नाही, हे कागदावर लिहून द्यावे. मावशी इंजेक्शन देणार नाही, तर देणार नाही असेच लिहावे. पाठवायच्या माणसांची पोलीस पडताळणी आधी करून घ्यावी आणि कागद न मागता दाखवावा.

आणि सर्वांत कठीण नियम असा : जे जमत नाही त्याला नाही म्हणावे, आणि नाही म्हणताना दुसऱ्याचे नाव सांगावे. श्वासाच्या यंत्रावरचा रोगी सांभाळण्याचे शिक्षण आपल्या माणसांना नसेल तर, 'हे आमचे काम नव्हे, अमक्यांकडे शिकलेल्या परिचारिका आहेत' असे सांगून फोन ठेवावा. हातचे गिऱ्हाईक घालवले म्हणून घरचे रागावतील. पण पाहा, त्या एका फोनने काय झाले? रोग्याच्या घरचे म्हणाले, हा माणूस खरे बोलतो. दुसऱ्या केंद्राला तुमची आठवण राहिली. आणि ज्याने तुमचे नाव सुचवले होते त्याची पत शाबूत राहिली.

आता वहीकडे येतो. उपाध्यायांचा वंशपरंपरागत हक्क आपण टाकला. त्यांची वही मात्र अवश्य घ्यावी. कोण आले, कोणाच्या सांगण्यावरून आले, काय काम झाले, कशाने संपले, याची तारीखवार नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी ती वही उघडली म्हणजे कळते की आपण ज्यांच्याकडे दहा हेलपाटे घातले त्यांच्याकडून एकही माणूस आला नाही आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने न सांगता तीन घरे दिली. शिफारस करणाऱ्याला परत जाऊन सांगावे, 'तुम्ही पाठवलेल्या घरी काम सुरू झाले, ठीक चालले आहे.' पुष्कळ लोक मागायला चार वेळा जातात आणि सांगायला एकदाही जात नाहीत. मात्र सांगताना रोग्याची खाजगी हकिकत उघडी करू नये. त्याच्या आजाराची, पैशाची, मुलासुनांच्या भांडणांची गोष्ट ही त्याची मालमत्ता आहे. माणसांच्या खाजगी माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली देशात कायदा झाला. पण कायदा नसता तरी हे पथ्य पाळावेच लागले असते. ज्या घरातली गोष्ट बाहेर फुटते त्या घराचे दार पुन्हा उघडत नाही.

येथवर माझे म्हणणे आपणांस मान्य झाले असेल. यापुढे मात्र जरा अडचणीची जागा आहे. या क्षेत्रात नवा माणूस आला की त्याला कोणीतरी कानात सांगतो, 'हे सगळे ठीक आहे हो. पण माणूस पाठवणाऱ्याचा हिस्सा किती?' वैद्यकाच्या व्यवसायात याला 'कट' म्हणतात आणि हा शब्द आता रोग्यांनाही पाठ झाला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी रोगी पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन देणे आणि घेणे या दोहोंना मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने कट प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार करवला होता. एवढे करावे लागले यावरूनच रोग किती मुरला आहे ते समजावे.

नव्या केंद्राने काय करावे? नीतीचा उपदेश मी करीत नाही, हिशेबच मांडतो. शिफारशीला किंमत कशामुळे आहे? सांगणाऱ्याला त्यात काही मिळत नाही, यामुळे. ज्या दिवशी त्याला पाकीट मिळाले त्या दिवशी त्याची साक्ष विकत घेतली गेली, आणि विकत घेतलेली साक्ष बाजारात दुसराही घेऊ शकतो. तुम्ही हजार दिलेत, उद्या दुसरा दीड हजार देईल. मग रोगी चांगल्या केंद्राकडे जाणार नाही. जास्त पाकीट देणाऱ्याकडे जाईल. आणि ते पाकीट येते कोठून? मावशीच्या पगारातून, नाही तर रोग्याच्या खिशातून. रात्रभर जागणाऱ्या बाईच्या पगारातून, न जागलेल्या माणसाला हिस्सा! अशी बाई किती दिवस मायेने काम करील?

कोणी म्हणेल, हिस्सा न देणाऱ्याचा फोन वाजतच नाही. यात तथ्य आहे. सचोटीचा धंदा हळू सुरू होतो. म्हणून सुरुवात लहान करावी, सहा महिने घरखर्च चालेल एवढी तजवीज करून मगच केंद्राची पाटी लावावी. उसळत आलेले पाणी वाळूत जिरते, थेंबे थेंबे साचलेले टिकते.

दुसरा धोका एकाच वाटेवर विसंबण्याचा. मुंबईच्या गिरणगावात हजारो बायका घरातल्या घरात खानावळी चालवीत. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार गावच्या ओळखीने त्यांच्याकडे जेवायला बसे आणि पगार झाला की पैसे देई. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि एकमेकींच्या हमीवर त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पाहा, तेथेही शहा होताच. शेजारीण शेजारणीची शहा झाली. परंतु १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि खानावळवालीच्या पानावरचा माणूसच नाहीसा झाला. तिच्या हातच्या चवीत काही उणे नव्हते. सगळी गिऱ्हाइके एकाच भोंग्यावर येत होती, तो भोंगा थांबला. मंडळाला मग जेवणाच्या मोठ्या ऑर्डरींकडे, नव्या गिऱ्हाइकांकडे वळावे लागले. ज्या केंद्राला सगळी कामे एकाच डॉक्टरकडून येतात त्याने गिरणगाव आठवावे. तो डॉक्टर उद्या पुण्याला मुलाकडे राहायला गेला, तर?

शिफारशीच्या वाटेचा एक दोषही सांगितला पाहिजे. शिफारस ओळखीने चालते आणि आपल्याकडे ओळख बहुधा जातीने, गावाने चालते. घरी मावशी पाठवतो म्हटले की पहिला प्रश्न अजूनही येतो, 'आडनाव काय?' रामकुंडावर हा प्रश्न वही शोधण्यासाठी विचारतात. येथे तो दार लावण्यासाठी विचारला जातो. ज्या केंद्राने एकदा आडनाव पाहून माणूस पाठवला त्याने वतनाची बेडी आपल्या हाताने पुन्हा घडवली. अशा वेळी मावशीचे शिक्षण काय, अनुभव किती, पडताळणी झाली की नाही, एवढेच सांगावे आणि गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्यावे. आणि ओळखीची साखळी आपल्याच लोकांत फिरत राहू नये म्हणून मघा सांगितलेल्या दूरच्या ओळखी मुद्दाम जोडाव्या.

शेवटी त्या मावशीविषयी. केंद्राच्या चालकांची नेहमीची तक्रार असते की, आम्ही बाई पाठवतो आणि महिन्याभराने घरचे लोक तिला परस्पर ठेवून घेतात. तक्रार खोटी नाही. पण असे घडते तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारावा : तिला आपल्याकडून काय मिळत होते, की ज्यासाठी तिने राहावे? तिच्या सुटीला बदली माणूस मिळत असेल, पगार ठरल्या तारखेला होत असेल, आळ आला तर तिच्या बाजूने उभे राहणारे कोणी असेल, तर ती जाताना दहादा विचार करील. घरच्या लोकांपुढे केंद्राचा चालक कधी दिसतच नाही. दिसते ती मावशी. धंद्याची सगळी पत शेवटी तिच्या दोन हातांत असते. डॉक्टर तुमचा शहा, तसे तुम्ही तिचे शहा. तिच्यासाठी आपली पत जो उसनी द्यायला तयार नाही, त्याने आपल्यासाठी दुसऱ्याकडे ती मागू नये.

बंधुभगिनींनो, आपल्यांत धंदा काढणारे थोडे असतील; पण ज्यांच्या शब्दावर शेजारी विश्वासतो असे पुष्कळ आहेत. तेव्हा शेवटची विनंती आपणा सर्वांना आहे. एखाद्या मावशीने तुमच्या आईचे शेवटचे दिवस सुखाचे केले असतील, तर तेराव्यानंतर तिला साडी देऊन थांबू नका. तिचे नाव चार ठिकाणी सांगा. आणि ज्याचे काम तुम्ही पाहिलेले नाही त्याचे नाव भिडेखातर, नात्याखातर सांगू नका. आपला शब्द ही आपली हुंडी आहे. ती फुकट वाटू नये आणि कुजवूही नये. नव्या माणसाच्या कोऱ्या वहीतले पहिले नाव पुष्कळदा अशाच कोणाच्या तरी शब्दाने लिहिले जाते.